रांग मोजायला शिका: ॲमेझॉन आरडीएसवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसचं मॉनिटरिंग

ॲप हळू झालं की बहुतेक टीम आधी सीपीयूचा आलेख उघडतात. सीपीयू ३५ टक्के दिसतो, "डेटाबेस ठीक आहे, ॲप बघा" असं ठरतं, आणि तासाभराने कळतं की एका उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनने (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) टेबलातली एक ओळ धरून ठेवली होती आणि साठ सेशन (डेटाबेसला जोडलेली कनेक्शन्स) तिच्यामागे खोळंबली होती. खोळंबलेलं सेशन सीपीयू वापरतच नाही, त्यामुळे आलेख निवांत दिसतो. बँकेतला कॅशियर निवांत बसलाय आणि सर्व्हरची वाट बघत लोक ताटकळलेत, तसंच. म्हणून या लेखात डेटाबेस किती राबतोय हे दुय्यम आहे. कोण, कशासाठी, किती वेळ थांबलंय हे आधी मोजायचं.

सगळी उदाहरणं ॲमेझॉन आरडीएस या क्लाउड सेवेवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसची आहेत. नमुन्यासाठी समजा दूध संकलनाचं ॲप आहे: सकाळी आणि संध्याकाळी केंद्रांवरून नोंदींचा लोंढा येतो, आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. डेटाबेस मुंबई रीजनमध्ये, एम५ लार्ज इन्स्टन्सवर (भाड्याच्या सर्व्हरवर), २०० जीबीच्या जीपी३ प्रकारच्या डिस्कसह.

आधी मर्यादा लिहून काढा

कोणताही आकडा मोठा की लहान हे मर्यादा माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्या इन्स्टन्ससाठी हे टिपण करा: व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) २, मेमरी ८ जीबी. डिस्क जीपी३ आणि आकार ४०० जीबीपेक्षा कमी, म्हणून ३,००० आयओपीएस (सेकंदाला डिस्कवर होणारी वाचनं-लेखनं) आणि सेकंदाला १२५ एमबी. पोस्टग्रेससाठी ४०० जीबीपासून पुढे हेच आकडे १२,००० आणि ५०० होतात. त्याच्या खाली जादा आयओपीएस विकत घेता येत नाहीत.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. डिस्कची मर्यादा वेगळी आणि इन्स्टन्सची वेगळी. एम५ लार्ज सतत फक्त ६५० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ८१ एमबी आणि ३,६०० आयओपीएस पेलतो. त्याहून जास्त वेग मिळतो तो उसना. २४ तासांत किमान अर्ध्या तासाची हमी, त्यानंतर शिल्लक संपली की परत ८१ वर. डिस्क १२५ देते म्हणून खूश होऊन रात्रीचा मोठा रिपोर्ट लावला, तर पहिला अर्धा तास तो पळतो आणि नंतर रांगतो. ईबीएस म्हणजे ॲमेझॉनची डिस्क सेवा. ही शिल्लक 'ईबीएस बाइट बॅलन्स' आणि 'ईबीएस आयओ बॅलन्स' या दोन मेट्रिक्समध्ये टक्क्यांत दिसते.

जुनी जीपी२ डिस्क असेल तर तिचा हिशोब वेगळा. जीबीमागे ३ आयओपीएस, म्हणजे १०० जीबीला ३००. उसना वेग ३,००० पर्यंत आणि पूर्ण शिल्लक ५४ लाख क्रेडिट्स. दर सेकंदाला २,७०० क्रेडिट्स खर्च होत असतील तर ती ३३ मिनिटांत संपते आणि वेग एकदम दहाव्या हिश्शावर येतो. "अर्ध्या तासाने अचानक हळू होतं" अशी तक्रार आली की पहिल्यांदा 'बर्स्ट बॅलन्स' बघा. जीपी२ वरून जीपी३ वर जाणं हा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त उपाय असतो.

टी३ किंवा टी४जी या स्वस्त इन्स्टन्सच्या वर्गात सीपीयू क्रेडिट्सचा (साठवून खर्चायच्या सीपीयू वेळेचा) प्रश्न आहेच. आरडीएसवर हे वर्ग 'अनलिमिटेड' पद्धतीने चालतात, त्यामुळे क्रेडिट्स संपले तरी डेटाबेस हळू होत नाही, बिल वाढतं. टी३ मीडियमची पायाभूत पातळी प्रत्येक व्हीसीपीयूमागे २० टक्के आहे. महिनाभर सरासरी त्याहून वर राहत असेल तर एम वर्गाशी किंमत ताडून बघा.

माहिती चार ठिकाणांहून येते

क्लाउडवॉच (ॲमेझॉनची मॉनिटरिंग सेवा) काही न करता चालू असतं आणि दर मिनिटाला एक नोंद देतं. बाकीच्या तीन गोष्टी स्वतः चालू कराव्या लागतात.

एन्हान्स्ड मॉनिटरिंग इन्स्टन्सच्या आतून, ऑपरेटिंग सिस्टीमकडून आकडे आणतं: कोणती प्रोसेस किती मेमरी खातेय, लोड सरासरी किती. कालावधी १ ते ६० सेकंदांचा निवडता येतो. रोजच्यासाठी १५ सेकंद पुरे. हा सगळा डेटा क्लाउडवॉच लॉग्जमध्ये जातो आणि त्याचे पैसे लागतात, म्हणून १ सेकंद फक्त तपास चालू असताना ठेवा.

परफॉर्मन्स इनसाइट्स, जे आता डेटाबेस इनसाइट्स या नावाखाली येतं, ते या सगळ्यात सर्वांत कामाचं: कोणती सेशन्स कशासाठी थांबलीत ते दाखवतं. सात दिवसांचा इतिहास मूळ पातळीवर मिळतो, ॲडव्हान्स्ड पातळी पैसे देऊन १५ महिने ठेवते.

चौथं ठिकाण पोस्टग्रेसच्या आतलं: 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' हे एक्स्टेन्शन (जोड सुविधा). प्रत्येक प्रकारची क्वेरी किती वेळा चालली आणि एकूण किती वेळ लागला हे त्यात साठतं. आरडीएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याची लायब्ररी आधीच लोड असते, पण डेटाबेसमध्ये 'क्रिएट एक्स्टेन्शन' चालवावं लागतंच. त्यातले आकडे शेवटच्या रीसेटपासूनचे बेरजेचे असतात, म्हणून दर तासाला एक प्रत दुसऱ्या टेबलात टाकून दोन प्रतींमधला फरक बघा. नाहीतर तीन महिन्यांपूर्वी बिघडलेली आणि कधीच दुरुस्त झालेली क्वेरी यादीत वरच बसून राहते.

पॅरामीटर (डेटाबेसची सेटिंग्ज) बदलण्यासाठी आधी स्वतःचा पॅरामीटर ग्रुप तयार करा, डीफॉल्ट ग्रुपमध्ये काहीच बदलता येत नाही. तो ग्रुप इन्स्टन्सला जोडल्यावर एकदा रीबूट लागतो, तेव्हा हे शांत वेळी करा. त्यात निदान एवढं ठेवा: ५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरी लॉगमध्ये नोंदवणे, लॉकसाठी थांबल्याची नोंद चालू, आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून गप्प बसलेलं सेशन ५ मिनिटांत तोडणे. सगळ्याच क्वेरी नोंदवायच्या म्हणून मर्यादा शून्यावर आणू नका. आरडीएस पोस्टग्रेसचे लॉग डेटाबेसच्याच डिस्कवर बसतात आणि डीफॉल्टने तीन दिवस राहतात. गर्दीच्या सिस्टीमवर या एका बदलाने डिस्क भरते.

प्रत्येक सर्व्हिसच्या कनेक्शनमध्ये 'ॲप्लिकेशन नेम' भरायला लावा. एका ओळीचं काम आहे, आणि रात्री दोन वाजता हे सेशन कोणाचं हा प्रश्न त्याने सुटतो.

नेहमीचं म्हणजे किती?

अलार्म लावण्याआधी निदान एक पूर्ण चक्र बघायला हवं, आणि चक्र धंद्यावर ठरतं. दुधाच्या ॲपचं दिवसाचं चक्र सकाळ-संध्याकाळचं आहे, पण खरा भार बिलाच्या दिवशी, म्हणजे १, ११ आणि २१ तारखेच्या आसपास येतो. क्लाउडवॉचची 'ॲनॉमली डिटेक्शन' सोय तासाचे, दिवसाचे आणि आठवड्याचे पॅटर्न शिकते, तेही जास्तीत जास्त दोन आठवड्यांच्या डेटावर. दहा दिवसांचं चक्र तिला उमगत नाही. परिणामी प्रत्येक बिलाला ती बोंब मारेल आणि लोक तिच्याकडे लक्ष देणं सोडतील. अशा ठिकाणी साधी ठरावीक मर्यादाच बरी, आणि ती बिलाच्या दिवसाचे आकडे बघून ठरवा.

मागचं बघताना आणखी एक ध्यानात ठेवा. क्लाउडवॉच मिनिटाच्या नोंदी १५ दिवसच ठेवतं. पुढे ६३ दिवसांपर्यंत पाच-पाच मिनिटांच्या, त्यानंतर ४५५ दिवसांपर्यंत तासाच्या. गेल्या महिन्याच्या ११ तारखेशी तुलना करताना सरासरी बघितली तर शिखरं सपाट झालेली दिसतील. 'मॅक्झिमम' निवडा, ते आकडे टिकून असतात.

आणि वेळ. बॅकअप आणि मेंटेनन्सच्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, लॉगही डीफॉल्टने यूटीसीमध्ये. आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा म्हणजे तिथे १८:३०. रात्री १० ला हवी म्हणून मेंटेनन्सची वेळ २२:०० लिहिली तर ती भारतात पहाटे ३:३० ला सुरू होते. संकलन पाचला सुरू होत असेल तर जेमतेम दीड तास उरतो.

डीबी लोड: हाच मुख्य आलेख

परफॉर्मन्स इनसाइट्समधला मोठा रंगीत आलेख म्हणजे सरासरी सक्रिय सेशन्स. एखाद्या क्षणी किती सेशन्स काम करतायत किंवा कामासाठी थांबलीयत याची ती सरासरी. त्यावर आडवी रेघ असते ती व्हीसीपीयूंची, आपल्याकडे २ वर. लोड ०.४ असेल तर निवांत. बिलाच्या वेळी १.५ असेल तर मजेत. ६ झाला तर दोन जागांसाठी सहा गिऱ्हाईकं.

गणित सोपं आहे. सेकंदाला १५० क्वेरी, प्रत्येकी १० मिलिसेकंद, म्हणजे लोड १.५. क्वेरींची संख्या तेवढीच राहून प्रत्येकीला ४० मिलिसेकंद लागू लागले की लोड ६. म्हणून लोड वाढला की पहिला प्रश्न: क्वेरी वाढल्या, की तीच क्वेरी हळू झाली? पहिल्याचं उत्तर ॲपच्या ट्रॅफिकमध्ये मिळतं, दुसऱ्याचं रंगांमध्ये.

रंग कसे वाचायचे ते बघू. हिरवा, म्हणजे सीपीयू, जास्त असेल तर खालच्या यादीतली पहिली क्वेरी उघडा आणि तिचा प्लॅन (पोस्टग्रेस ती कोणत्या मार्गाने चालवतो) तपासा. मोठा डेटा एकदम भरल्यावर 'ॲनालाइझ' (टेबलाची आकडेवारी ताजी करणं) झालेलं नसेल तर पोस्टग्रेस जुन्या अंदाजावर चुकीचा प्लॅन निवडतो. बिलांच्या दिवशी लाखभर ओळी घातल्या की लगेच त्या टेबलावर ॲनालाइझ चालवणं हा स्वस्त इलाज.

'डेटाफाइलरीड' ही वेट (थांबण्याचं कारण) म्हणजे हवी ती पानं मेमरीत नाहीत, डिस्कवरून आणावी लागतायत. एखादी क्वेरी इंडेक्सशिवाय (शोधसूचीशिवाय) पूर्ण टेबल वाचत असेल किंवा रोजच्या वापरातला डेटा मेमरीपेक्षा मोठा झाला असेल. आधी पहिली शक्यता तपासा. मेमरी वाढवणं महाग आणि इंडेक्स फुकट असतो. अगदी फुकट नाही, पण तुलनेने.

'वॉलसिंक' किंवा 'वॉलराइट' वर येत असेल (वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी नोंदवला जाणारा लॉग) तर कमिट, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं करणं, फार होतंय. केंद्रावरचं नेट आल्यावर साचलेल्या ४०० नोंदी एकेक कमिट करत आत येत असतील तर ४०० वेळा डिस्कवर लिहून होण्याची वाट बघावी लागते. मल्टी-एझेड (वेगळ्या झोनमध्ये राखीव प्रत) असेल तर प्रत्येक कमिट दुसऱ्या झोनमधल्या प्रतीपर्यंत पोचेपर्यंत थांबतो, म्हणजे त्रास आणखी. त्याच नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या की हा रंग जवळपास नाहीसा होतो.

लॉकचा रंग दिसला तर इन्स्टन्स मोठा करून काडीचा उपयोग नाही. त्याबद्दल शेवटी.

मेमरी आणि कनेक्शन

'फ्रीएबल मेमरी' कमी दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. त्यात ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमधून सोडवून घेता येणारी मेमरीही धरलेली असते. आरडीएस पोस्टग्रेस साधारण पाव मेमरी शेअर्ड बफर्सना (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅशला) देतं. चिंता तेव्हा करा जेव्हा हा आकडा एकूण मेमरीच्या १० टक्क्यांखाली जाऊन तिथेच राहतो आणि 'स्वॅप युसेज' (मेमरीऐवजी डिस्कचा वापर) चढत असतो. 'वर्क मेम' (क्वेरीच्या कामासाठीची मेमरी) वाढवताना जपून. ती मर्यादा प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळी लागू होते, एका क्वेरीत चार सॉर्ट असतील तर चारपट. ६४ एमबी ठेवून १०० सेशन्सनी एकदम रिपोर्ट काढले तर मेमरी संपते, लिनक्स एक प्रोसेस मारतं आणि पोस्टग्रेस सगळी कनेक्शन्स तोडून पुन्हा उभं राहतं.

कमाल कनेक्शन्सची डीफॉल्ट संख्या मेमरीवरून निघते: मेमरीचे बाइट भागिले ९५,३१,३९२. ८ जीबीला ती आठ-नऊशेच्या घरात जाते. दोन व्हीसीपीयूंवर नऊशे सेशन्स प्रत्यक्ष राबू लागली तर सगळीच बुडतील, म्हणून त्या आकड्याला लक्ष्य समजू नका. ॲपच्या सगळ्या सर्व्हर्सचे पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन्स) मिळून कनेक्शन्स किती होतात ते मोजा, समजा १२०. अलार्म त्याच्या वर ठेवा. नवीन आवृत्ती चढवताना जुने आणि नवे सर्व्हर काही मिनिटं एकदम चालतात आणि संख्या दुप्पट होते, त्याची सोय ठेवा. लॅम्बडा (गरजेपुरता कोड चालवणारी ॲमेझॉनची सेवा) वापरत असाल तर मध्ये कनेक्शन्स वाटून देणारा आरडीएस प्रॉक्सी किंवा पीजीबाउन्सर हवाच.

मुकाट्याने वाढणाऱ्या तीन गोष्टी

वरचं सगळं बिघडलं तर लोक फोन करतात. पुढच्या तीन गोष्टी आठवडेन् आठवडे आवाज न करता वाढतात आणि मग एकदम डेटाबेस बंद पाडतात.

पहिली, डिस्कची जागा. रोज दीड जीबी वाढत असेल तर ४० जीबी मोकळी जागा २६ दिवस पुरते. पण मिनिटाला १०० एमबी वेगाने वॉल साचू लागलं तर तेच ४० जीबी सात तासांत जातात. वॉल साचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बेवारस रेप्लिकेशन स्लॉट. कोणीतरी डेटा दुसरीकडे न्यायला डेबेझियम किंवा डीएमएस लावून बघितलं, प्रयोग झाला, तिकडचं बंद केलं, इकडचा स्लॉट राहिला. तो स्लॉट परत येणाऱ्याची वाट बघत प्रत्येक वॉल जपून ठेवतो. 'ऑल्डेस्ट रेप्लिकेशन स्लॉट लॅग' आणि 'ट्रान्झॅक्शन लॉग्ज डिस्क युसेज' ही मेट्रिक्स त्यासाठी. स्लॉट निष्क्रिय आहे आणि कोणाचाच नाही याची खात्री करून तो काढला की थोड्या वेळात जागा मोकळी होते.

स्टोरेज ऑटोस्केलिंग चालू ठेवाच, पण त्यावर विसंबू नका. मोकळी जागा १० टक्क्यांखाली पाच मिनिटं राहिली तर ते डिस्क वाढवतं, मात्र मागच्या वाढीला सहा तास झालेले हवेत. धावत्या वॉलपुढे सहा तास फार होतात.

दुसरी, ट्रान्झॅक्शन आयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मिळणारा क्रमांक). पोस्टग्रेसकडे हे आकडे सुमारे २१४ कोटींपर्यंतच मागे बघू शकतात. एखाद्या टेबलाचं वय २० कोटींवर गेलं की ऑटोव्हॅक्यूम (आपोआप होणारी साफसफाई) जबरदस्तीने त्यावर चालतं. ते पूर्ण होऊ शकलं नाही, तर 'मॅक्झिमम यूज्ड ट्रान्झॅक्शन आयडीज' चढत राहतो आणि टोकाशी पोस्टग्रेस नवीन लिखाण नाकारतं. दिवसेंदिवस उघडं ट्रान्झॅक्शन, तोच बेवारस स्लॉट, किंवा अर्धवट राहिलेलं प्रिपेअर्ड (दोन टप्प्यांत पक्कं होणारं) ट्रान्झॅक्शन, बहुधा यापैकी एक कारण असतं.

तिसरी, मेलेल्या ओळी (अपडेट किंवा डिलीटनंतर मागे उरलेल्या जुन्या प्रती). 'पीजी स्टॅट यूझर टेबल्स' या व्ह्यूमध्ये प्रत्येक टेबलाच्या मेलेल्या ओळी आणि शेवटचं ऑटोव्हॅक्यूम कधी झालं ते दिसतं. आठवड्यातून एकदा नजर टाका. सतत अपडेट होणाऱ्या मोठ्या टेबलांना ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर (टेबलाचा किती हिस्सा बदलला की ते चालावं) वेगळा, ०.०२ च्या आसपास, द्या.

अलार्म

नियम एकच ठेवा: वाजल्यावर कोणी काय करायचं हे लिहिता येत नसेल तर तो अलार्म नको, डॅशबोर्डवर आलेख पुरे. एककांची चूक इथे सगळ्यात जास्त होते. जागा आणि मेमरी बाइटमध्ये, लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) सेकंदांत. "१०" लिहिलं तर तो १० बाइटचा अलार्म होतो आणि कधीच वाजत नाही.

- डीबी लोड: ४ च्या वर, मिनिटाच्या १० पैकी ८ नोंदी. लोड नसताना हे मेट्रिक येतच नाही, म्हणून गहाळ नोंद 'ठीक' समजायला सांगा.
- फ्री स्टोरेज स्पेस: ४२९४९६७२९६० च्या खाली, म्हणजे ४० जीबी. इथे उलट, गहाळ नोंद 'बिघाड' समजा.
- फ्रीएबल मेमरी: ८५९०००००० च्या खाली, सलग १५ मिनिटं.
- रीड लेटन्सी: ०.०२ च्या वर १५ मिनिटं. जीपी३ एरवी एकआकडी मिलिसेकंदांत उत्तर देतं.
- ईबीएस बाइट बॅलन्स: ३० टक्क्यांखाली.
- स्लॉट लॅग: १०७३७४१८२४० च्या वर, म्हणजे १० जीबी.
- ट्रान्झॅक्शन आयडी: ५० कोटींवर मेल, १०० कोटींवर फोन.
- रेप्लिका लॅग (डेटाबेसची प्रत मूळापेक्षा किती मागे आहे): ६०० सेकंदांच्या वर. मूळ डेटाबेसवर कोणी काही लिहीत नसेल तर रेप्लिका पाच मिनिटांपर्यंत खोटा लॅग दाखवते, म्हणून ६० ठेवलं तर रात्रभर वाजेल.

सीपीयूचा अलार्म या यादीत मुद्दाम नाही. ९० टक्के सीपीयू आणि १.८ लोड म्हणजे पैसे वसूल.

वाजल्यावर काय बघायचं

पहिला हात रीबूटकडे जातो, तो आवरा. रीबूटने पुरावा जातो, कॅश रिकामी होते आणि पुढचा अर्धा तास सगळं डिस्कवरून वाचलं जातं.

डीबी लोडमधला रंग बघा. लॉक असेल तर 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' उघडून ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेनुसार क्रम लावा, आणि 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' हे फंक्शन प्रत्येक थांबलेल्या सेशनवर चालवा. साठ सेशन्सची साखळी बहुधा एकाच मुळाशी जाते. त्या मुळाची क्वेरी, ॲप्लिकेशन नेम आणि क्लायंटचा पत्ता आधी कॉपी करून ठेवा. मग, ते क्वेरी चालवत असेल तर 'कॅन्सल बॅकएंड'. पण ते 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असेल तर कॅन्सल करायला चालू क्वेरीच नसते, काही होत नाही. तिथे 'टर्मिनेट बॅकएंड'च लागतं. पाच मिनिटांत तोच प्रकार परत झाला तर दोष ॲपमध्ये आहे: ट्रान्झॅक्शन उघडून मध्येच पेमेंटच्या किंवा एसएमएसच्या सर्व्हरला हाक मारणं, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत ओळ धरून बसणं.

हे सगळं लावून झालं की एकदा खोटी आग लावून बघा. एसएनएसच्या (अलार्मची सूचना पाठवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेच्या) ईमेलमधली पुष्टीची लिंक कोणी दाबलेलीच नाही, हे बिलाच्या दिवशी कळायला नको. टेस्टच्या डेटाबेसवर पाच कनेक्शन्स उघडा आणि प्रत्येकात 'पीजी स्लीप' ९०० सेकंदांसाठी चालवा. डीबी लोड ५ वर जाईल, वेटच्या यादीत 'पीजीस्लीप' दिसेल, दहा मिनिटांच्या आत मेल यायला हवा. त्याच वेळी शेजारी सीपीयूचा आलेख उघडा ठेवा, तो जागचा हलणारही नाही.